उपवासाचे पिंजरे

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

उद्यापासून शेवटचा डाव. ३१ मेपर्यंत प्रबंध दिला नाही तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द, सात वर्षं पाण्यात. विद्यापीठाचं पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे, म्हणजे चहा पितानाही दिसावं. माझं वय चव्वेचाळीस. माझ्यामागून कॉलेजात लागलेल्या तिघांच्या नावामागे डॉक्टर लागलं, त्यातल्या एकाला अजून मिठाचं पाणी धड बनवता येत नाही.

प्रयोग कागदावर साधा आहे. पांढऱ्या उंदरांना चौदा दिवस वेलीचा अर्क पाजायचा, मग पॅरासिटामॉलचा दणकून डोस द्यायचा. एवढ्या डोसने यकृत बिघडतं आणि रक्तात एसजीपीटी नावाचं द्रव्य वाढतं. अर्कात दम असेल तर ते वाढणार नाही. वेल चितेगावच्या बाजूला बांधावर उगवते. तिचं नाव मी या वहीतही लिहीत नाही, कारण या कॉलेजात भिंतींना कान आहेत आणि बहुतेक कान रिकामटेकडे आहेत.

माझ्या वाट्याला बारा उंदीर, चार पिंजरे. शिवाय तुलनेसाठी अर्क न देता नुसता डोस द्यायचे सहा. ते सहा प्रेरणा तुपेच्या ताब्यात, कारण तिच्याही अभ्यासाला तेच लागतात आणि कॉलेजची प्राणी-प्रयोग समिती म्हणते उगाच जास्त जीव मारू नका. प्रेरणा म्हणजे आमची नवी संशोधक विद्यार्थिनी. बजाजनगरहून स्कूटीवर येते, घरची शेती, वडील आता कंपनीत. वय सव्वीस आणि आत्मविश्वास साठ वर्षांच्या माणसाचा.

९ जानेवारी, गुरुवार

अॅनिमल हाऊसमध्ये मला कडूबाचा वास येतो की उंदरांचा, हे सात वर्षांत ठरलेलं नाही. कडूबा तिथला कर्मचारी. कंत्राटी, एकोणीस वर्षं झाली. मागच्या खोलीत बायको आशाबाईसोबत राहतो. इंग्रजी येत नाही, म्हणून पिंजऱ्यावरच्या सूचनांच्या पाट्या मराठीत लावायच्या असा यंदापासून नियम आहे, आधी तोंडी सांगायचो. एका माणसाला वाचता यावं म्हणून सगळ्या विभागाने पाट्या बदलल्या.

आज त्याने माझ्या उंदराला मांडीवर घेतलं होतं आणि त्याच्या कानामागे खाजवत होता. म्हटलं, "कडूबा, हा प्रयोगाचा प्राणी आहे, तुझी शेळी नाही."

"व्हय सर," म्हणाला आणि खाजवतच राहिला.

१७ जानेवारी, शुक्रवार. संकष्टी

अर्काचे चौदा दिवस आज संपले. उद्या सकाळी दहाला पॅरासिटामॉल. त्याआधी अठरा तास सगळ्या उंदरांचं पोट रिकामं हवं, फक्त पाणी. हे फार महत्त्वाचं. भरल्या पोटी उंदराचं यकृत तो डोस सहज पचवतं आणि प्रयोगाला काही अर्थच राहत नाही.

चार वाजता पाट्या लावल्या. प्रेरणाने तिच्या पिंजऱ्यांवर लिहिलं होतं, "उपाशी". मी विचारलं, हा काय शब्द? दुष्काळातली बातमी आहे की प्रयोगशाळा?

"कळायला सोपं आहे सर," म्हणाली.

"कळण्यासाठी भाषा खाली आणायची नसते," असं मी तिला सांगितलं. आमच्या घरात चार पिढ्या अक्षराला मान आहे. मी माझ्या चारही पाट्यांवर ठसठशीत, देखण्या अक्षरात लिहिलं: "उपवास". खाली तारीख आणि सही.

कडूबा पाट्या वाचत उभा होता. "सर, हे चारच उपासाचे?"

"माझे चार. बाकीचे प्रेरणाचे, तिला विचार."

"ताईचे उपाशी हायेत. वाचलं मी." मग जरा थांबून, "पाणी द्यायचं ना तुमच्यायला?"

"पाणी द्यायचं. पाणी चालतं."

"आज चतुर्थीच हाय. ब्येस केलं सर," म्हणाला, आणि एवढा खूश झाला की मला वाटलं त्याचाच पगार वाढला. काय ब्येस केलं ते त्याचं त्याला ठाऊक.

माझाही आज उपवास. घरी बायकोने, हिमानीने, साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि दाण्याची आमटी केली होती. दोनदा घेतली. छातीत जळजळते आहे.

१९ जानेवारी, रविवार

रविवार असून आलो. रक्त काढलं, नमुने तपासायला दिले. प्रेरणा वजनांचा तक्ता घेऊन आली.

"सर, काल सकाळी डोसच्या आधीची वजनं बघा. माझ्या सहा उंदरांची वीस-वीस ग्रॅमने घटली. तुमच्या एकाचंही घटलं नाही. दोघांचं तर वाढलंय."

"तोच तर अर्काचा गुण आहे," मी म्हटलं.

"अठरा तास रिकाम्या पोटी वजन वाढतं?"

हिला वाटतं मी तिच्यासमोर परीक्षेला बसलो आहे. तो तक्ता मात्र मी ठेवून घेतला. प्रबंधात स्वतंत्र परिच्छेद होईल: अर्कामुळे उपवासकाळातही वजन टिकून राहते.

दुसरी गोष्ट. माझ्या पिंजऱ्याच्या भुश्श्यात शेंगदाण्याची लाल सालं सापडली. अॅनिमल हाऊसमध्ये काही खायला सक्त मनाई आहे. कोण खातं ते सांगायला ज्योतिषी नको, बजाजनगरहून येणाऱ्यांना दहा वाजता भूक लागते. सालं पाकिटात भरून तारीख टाकून ठेवली. वेळ आली की कामाला येतील.

२३ जानेवारी, गुरुवार

आकडे आले. नुसता डोस दिलेल्या उंदरांचं एसजीपीटी सरासरी २१४. माझ्या वेलीवाल्यांचं ६१. निरोगी उंदराचं ४८ असतं.

मी दोनदा वाचलं, मग बाथरूममध्ये जाऊन परत वाचलं. खरं सांगायचं तर माझा स्वतःचा वेलीवर भरवसा नव्हता. सात वर्षांत तीन वनस्पती वाया गेल्या, ही चौथी मी नाइलाजाने घेतली होती. हे कोणाला सांगणार नाही, पण वहीत खोटं कशाला लिहू?

औताडे मॅडमना दाखवलं. संध्या औताडे, आमच्या विभागप्रमुख आणि माझ्या मार्गदर्शक. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला बसायला सांगितलं. पण आनंद काय तो धड होऊ देतील तर त्या मॅडम कसल्या. म्हणाल्या, "फारच चांगलं आलंय, विश्वजित. म्हणूनच दुसऱ्या हाताने एकदा करून घेऊ. प्रेरणा करेल."

दुसऱ्या हाताने. माझ्या हाताला काय महारोग झाला आहे?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज तिच्या प्रयोगाचं रक्त काढलं. माझ्याच बाटलीतला अर्क, तेवढाच डोस. मी मुद्दाम फिरकलो नाही, नाहीतर म्हणाली असती सरांनी ढवळाढवळ केली. लांबून बघितलं, सगळ्या पाट्यांवर तोच "उपाशी". हट्टी आहे. कडूबाने बाहेर टाकलेल्या भुश्श्यात सालं नव्हती, म्हणजे माझ्या नजरेचा एवढा तरी धाक आहे.

कडूबा उदास दिसला. उद्या महाशिवरात्र, त्याला वेरूळला जायचं असेल आणि सुटी नसेल. विचारलं तर म्हणाला, "तसं नाय सर. ताईचे उंदरं रातभर जाळी कुरतडीत ऱ्हायले. माझ्या ध्यानातून जात नाय."

१ मार्च, शनिवार

प्रेरणाच्या हातचं एसजीपीटी: अर्क दिलेल्यांचं २०३, न दिलेल्यांचं २०९. म्हणजे वेल आणि नळाचं पाणी सारखंच.

ही मुलगी एक तर वेंधळी आहे किंवा लबाड. नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथे अंगण माझं. मॅडमच्या केबिनमध्ये मी स्पष्ट म्हटलं, हिने पॅरासिटामॉल दुप्पट पाजलं असणार. प्रेरणा लाल झाली, पण आवाज चढवला नाही.

"सर, वही बघा. प्रत्येक उंदराचं वजन, प्रत्येकाचा डोस लिहिलाय."

"वहीत काहीही लिहिता येतं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला क्षणभर माझीच वही आठवली.

४ मार्च, मंगळवार

लेखी तक्रार दिली. प्रेरणा तुपे हिने हेतुपुरस्सर किंवा निष्काळजीपणाने माझ्या संशोधनास बाधा आणली, तसेच अॅनिमल हाऊसमध्ये खाद्यपदार्थ आणते. तीन पानं, दोन प्रती. माझ्या प्रबंधाला तीन महिने उरले असताना मी सभ्यपणा करत बसू शकत नाही. तिची शिष्यवृत्ती गेली तर जाऊ दे, तिच्यापुढे उभं आयुष्य पडलं आहे.

जिन्यात तिने गाठलं. "सर, मी शेंगदाणे खात नाही. मला पित्त होतं."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, चोराचं पित्त आज ऐकलं.

हिमानीला तक्रार वाचून दाखवली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्या पोरीने तुमचं काय घोडं मारलंय?" घरातसुद्धा मला वकील नाही.

१८ मार्च, मंगळवार

समितीचा निकाल: दोघांनी एकाच वेळी, एकाच खोलीत, एकाच बाटलीतून करा. चार पिंजरे माझे, चार तिचे. सगळ्यांना अर्क, सगळ्यांना डोस. समितीवर बाहेरचे एक पशुवैद्य आहेत, डॉ. सुदर्शन मगरे. ते डोस देताना समोर उभे राहणार. उद्यापासून अर्क सुरू.

मी एकच अट घातली. माझ्या पिंजऱ्यांना मी आणि कडूबा सोडून कोणी हात लावणार नाही आणि पाट्या माझ्याच अक्षरातल्या असतील, पहिल्या प्रयोगात होत्या तशाच. मॅडम म्हणाल्या, घ्या लिहून.

१ एप्रिल, मंगळवार

चार वाजता अन्न काढलं, पाट्या लावल्या. माझ्या चार "उपवास", तिच्या चार "उपाशी". कडूबा आठही पाट्या वाचून गेला.

"सर, आज तिथी कोन्ती?" त्याने विचारलं.

"तिथीचं काय करायचंय तुला? पाटीवर लिहिलंय ते कर."

"व्हय. हुकूम म्हंजी हुकूम."

त्याचं बरं आहे. डोकं वापरायचा प्रश्नच नाही.

३ एप्रिल, गुरुवार

रक्त काढलं. भुश्श्यात परत शेंगदाण्याची सालं, माझ्याच चार पिंजऱ्यांत, तिच्या एकाही पिंजऱ्यात नाहीत. माझ्या पिंजऱ्यांपाशी उभी राहून खाते, म्हणजे आता हा उघड खोडसाळपणा आहे. दुसरं पाकीट भरलं.

वजनाचंही तसंच. तिच्यांची घटली, माझ्यांची नाही. डॉ. मगरे बराच वेळ तक्ता बघत राहिले आणि काही बोलले नाहीत. जनावरांच्या डॉक्टरला बोलायची सवय नसते.

७ एप्रिल, सोमवार

माझे उंदीर: ५८. तिचे: २११.

खोली एक, बाटली एक, डोस एकाच माणसासमोर दिलेला. आता तिला तोंड दाखवायला जागा नाही. शुक्रवारी समितीची बैठक आहे. मी कडूबाला साक्षीला बोलवा असं लिहून दिलं. माझ्या पिंजऱ्यांत अन्नाचा कण नव्हता हे त्याने समितीसमोर सांगितलं की विषय मिटतो. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं. आज बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागेल असं वाटतं आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

जसं झालं तसं लिहितो.

मॅडम, डॉ. मगरे, प्रेरणा, मी. टेबलावर मी माझे आकडे आणि दोन्ही पाकिटं मांडली. कडूबा स्वच्छ शर्ट घालून दाराशी उभा राहिला. मॅडमनी बसा म्हटलं तरी बसला नाही.

मी विचारलं, "कडूबा, माझ्या पिंजऱ्यांच्या पाटीवर काय होतं?"

"उपास."

"मग त्या उंदरांना तू अन्न दिलंस?"

"अन्न? नाय सर. धान्याचा एक दाणा नाय दिला. आईच्यान सांगतो."

मी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान हलवली. मी पाकिटं पुढे सरकवली आणि शेंगदाण्याच्या विषयाकडे वळणार, एवढ्यात प्रेरणा हळूच म्हणाली, "मामा, मग तुम्ही त्यांना काय दिलं?"

"उपासाला देतेत ते," कडूबा म्हणाला. "भाजल्यालं शेंगदाणं, भगरीचा गोळा. आत्ता दुसऱ्या खेपंला भिजिवल्याला शाबुदाना बी व्हता. आशाबाई करून देती. मिठाचं बी शेंदेलोणच, साधं मीठ नाय लावलं."

मॅडमनी पाकिटं आपल्याकडे ओढली.

"पैल्या खेपंला तर चतुर्थी व्हती," तो पुढे सांगत राहिला, "सर बी उपासाला व्हते. म्हनलं, गणपतीचं वाहन हाय, सर त्यायच्याकडून बी पाळून घेऊ ऱ्हायले. चंद्र निघाल्यावर सोडिवला बी मी, गुळाचा खडा ठिवून. सरायच्या उंदरायचा उपास मी एकदा बी मोडू नाय दिला."

डॉ. मगरेंनी चष्मा काढला. "आणि प्रेरणाच्या पिंजऱ्यातल्यांना?"

"ताईचे उपाशी व्हते ना साहेब. उपाशी म्हंजी उपाशी. त्यायला काय देणार? लई वंगाळ वाटायचं, पर पाटी तशी व्हती. म्या तामील केली."

मॅडमनी दोन्ही पाकिटं उघडून सालं कागदावर ओतली. कडूबाने वाकून बघितलं आणि म्हणाला, "आमच्याच शेंगा. चितेगावच्या."

मला वाटलं आता प्रेरणा हसेल. तिने हसायला पाहिजे होतं, मी तिच्या जागी असतो तर हसलो असतो. ती वही उघडून विचारत होती, "मामा, एका उंदराला किती दाणे?" आणि तो बोटांवर मोजून सांगत होता, आणि ती लिहून घेत होती.

वेलीत काही नाही. अर्कात काही नाही. अठ्ठावन्न हा आकडा शेंगदाण्यांचा आहे.

१२ एप्रिल, शनिवार

मॅडमनी फोन केला. समितीचं म्हणणं असं. स्पष्ट लेखी सूचना कर्मचाऱ्याने मोडली असेल, तर दोष संशोधकाचा नाही, नवे उंदीर मिळतील आणि विद्यापीठाकडे सहा महिन्यांची मुदतवाढ मागता येईल. सूचनाच चुकीची असेल तर जबाबदारी संशोधकाची, आणि मग नवे जीव देणार नाहीत. "लेखी खुलासा बुधवारपर्यंत द्या," म्हणाल्या. "काय लिहायचं ते तुम्हाला कळतंच."

कळतंच. कडूबावर ढकला आणि सहा महिने घ्या. दुसऱ्या वनस्पतीला तेवढे पुरतील. त्याचं कंत्राट जाईल, खोली जाईल. पण माझा त्याच्याशी करार झाला होता का? एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत काढून माणसाला प्रयोग म्हणजे काय एवढं कळू नये?

१४ एप्रिल, सोमवार. सुटी

मसुदा तयार आहे. "पाटीवरील सूचना पूर्णतः स्पष्ट होती. असे असूनही कर्मचारी कडूबा याने आपल्या मनाने प्राण्यांना खाद्य दिले." वाक्य चांगलं उतरलं आहे. "पूर्णतः" मात्र दोनदा खोडलं आणि दोनदा लिहिलं.

दुपारी हिमानी कपड्यांच्या घड्या करत होती. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. लाज वाटते. सहज विचारल्यासारखं विचारलं, "समज, मी तुला चिठ्ठी लिहिली, 'उपवास'. एवढंच. तर तू काय करशील?"

"कोणाचा?"

"कोणाचाही. माझा समज."

"खिचडी टाकीन. साबुदाणा भिजवलेला नसेल तर भगर. का, बुधवारी चतुर्थीला बाहेर जायचंय का तुम्हाला?"

"आणि काहीच दिलं नाहीस तर?"

तिने टॉवेल खाली ठेवला. "उपवासाच्या माणसाला उपाशी कसं ठेवीन मी?"

आमच्या गारखेड्यातल्या घराघरात विचारत फिरलो असतो तरी हेच उत्तर आलं असतं. मला विचारलं असतं तरी मीही हेच सांगितलं असतं. जानेवारीच्या त्या संध्याकाळी मी स्वतः दोनदा खिचडी घेतली होती, या वहीत लिहिलं आहे.

१६ एप्रिल, बुधवार. संकष्टी

खुलासा दिला. दोन ओळींचा. "पाटीवरील शब्द मी निवडला होता व तो चुकीचा होता. कर्मचाऱ्याने सूचनेचे तंतोतंत पालन केले." खाली प्रेरणा तुपेवरची तक्रार मागे घेत असल्याचं लिहिलं. मॅडमनी वाचून विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, घ्या लवकर, मन बदलेल.

यावरून मी चांगला माणूस झालो असं कोणी समजू नये. मला कडूबाचा राग आहे, प्रेरणाचा आहे, त्या वेलीचा आहे, आणि एकतीस मेला काय होणार ते मला माहीत आहे. फक्त खोटं लिहायला बसलो की "पूर्णतः" हा शब्द कागदावर राहत नव्हता.

परत येताना कडूबा हौदापाशी पाण्याच्या बाटल्या धूत होता. त्याची नोकरी जाता जाता राहिली हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, मीही सांगितलं नाही. उलट तोच माझ्यावर नाराज होता.

"सर, एक बोलू का? तुमाला निरंकार म्हनायचं व्हतं, कायबी न खाता. निरंकार लिव्हायचं ना मंग. एवढे शिकल्यालं तुमी."

"होय," मी म्हटलं.

"त्या ताईच्या उंदरायचा तळतळाट लागला बघा मला. आठ दिस झोप नाय. तुमी कामून नाय सांगितलं की समद्यायलाच उपाशी मारायचंय?"

प्रेरणा दारात उभी होती. तिचा स्वतःचा प्रयोग शुक्रवारी आहे. म्हणाली, "सर, पाट्या तुम्ही लिहून द्याल? तुमचं अक्षर चांगलं आहे." टोमणा होता की नाही ते मला कळलं नाही. लिहून देतो म्हटलं.

चार वाजता मी डबा खाल्ला नाही. घरी हिमानीने ताट मांडलं, खिचडी, आमटी, दह्यातली काकडी. मी पाणी पिऊन उठलो.

"उपवास आहे ना? मग खा की," ती म्हणाली.

"उपवास नाही. उपाशी आहे."

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळचे दहा. काल चारपासून अठरा तास झाले, नुसतं पाणी. रात्री दोनदा जाग आली. सकाळी शेजाऱ्यांच्या फोडणीचा वास आला तेव्हा मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो होतो, कधी गेलो ते आठवत नाही. अक्षर वाईट येतं आहे.

सात वर्षांत माझ्या प्रयोगांत किती उंदीर असे ठेवले त्याचा हिशेब करायला बसलो होतो. अर्ध्यात सोडला.

प्रेरणाच्या पाट्या लिहायच्या आहेत, सहा पिंजरे. "उपाशी" हा शब्द लहान आहे, पाटीवर जागा उरते. हिमानी दुसऱ्यांदा हाक मारते आहे. आधी पाट्या लिहितो, मग जेवतो.